मूळ पंक रेकॉर्ड आणि तिचा रीइश्यू : आवाजातला फरक कसा तपासावा

रत्नागिरीच्या आमच्या घरात पंक, म्हणजे सत्तरच्या दशकातले वेगवान, आक्रमक रॉक संगीत, आले ते समुद्रमार्गे. माझे काका मालवाहू जहाजावर नोकरीला होते, आणि १९७७ ते १९८१ या वर्षांत जहाज इंग्लंडच्या किंवा अमेरिकेच्या बंदराला लागले की ते तिथल्या दुकानांतून रेकॉर्ड विकत घेत असत. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेतून उतरलेल्या बावीस रेकॉर्ड आज माझ्याकडे आहेत. पुढे त्यांपैकी बऱ्याच रेकॉर्डचे रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा छापलेल्या प्रती, मी एकेक करून घेतले, आणि एकच गाणे जुन्या व नव्या प्रतीवर पाठोपाठ ऐकण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या.

या विषयावर बोलणारे बहुतेक लोक ऐकण्याआधीच निकाल देऊन मोकळे होतात. काहींच्या मते मूळ प्रतीला तोड नसते, तर काहींना १८० ग्रॅम वजनाची जाड, नवीकोरी प्रत म्हणजे सुधारणेची शेवटची पायरी वाटते. माझे मत असे आहे की रेकॉर्डचा आवाज छापल्याच्या वर्षावरून ठरत नाही. ती कोणत्या टेपवरून, कोणी आणि किती काळजीने कापली, म्हणजे तिची खाच कोरली, यावरून तो ठरतो. ते आपल्या कानांनी ओळखता येते, फक्त तुलना नीट करावी लागते. कोकणात राहणाऱ्या माणसाला त्याच्याही आधी आणखी एक काम असते : ऐकू येणाऱ्या फरकातला आपल्या घराचा, हवेचा आणि विजेचा वाटा किती, हे शोधून तो बाजूला काढणे.

आधी हवा, मग वीज

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत आमच्याकडे भिंतीसुद्धा घाम फुटल्यासारख्या ओल्या असतात. जुन्या रेकॉर्डची आतली पिशवी कागदाची असते. ती हवेतले पाणी शोषते, तिच्यावर बुरशीचे पांढुरके ठिपके उठतात आणि तेच ठिपके रेकॉर्डच्या खाचांमध्ये उतरतात. सुई त्यावरून जाताना मोठा टकटक आवाज होत नाही. गाण्याच्या मागे तव्यावर फोडणी मंद तडतडत राहावी तशी बारीक खरखर होते आणि झांजेचा नाजूक भाग तिच्यात बुडतो. अशा प्रतीशेजारी कालच उघडलेला रीइश्यू लावला, तर तो स्वच्छ वाटणारच. पण ती तुलना दोन छपायांची होत नाही, चाळीस पावसाळ्यांची आणि एका नव्या पिशवीची होते.

म्हणून दोन्ही प्रती धुतल्याशिवाय तुलना करू नये. नवी प्रतसुद्धा धुवावी, कारण कारखान्यातली धूळ आणि कागदाचे तंतू तिच्यावर असतात. मी चार भाग डिस्टिल्ड वॉटर आणि एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल असे मिश्रण वापरतो. विहिरीचे किंवा नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यातले क्षार वाळल्यावर खाचेत राहतात आणि एक आवाज काढून दुसरा घातल्यासारखे होते. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, म्हणजे गोलाकार फिरवावा. आडवा फिरवू नये. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुवून रेकॉर्ड उभी ठेवून पंख्याखाली वाळवावी. भर पावसाळ्यात मी ती रात्रभर वाळू देतो. वाळलेली रेकॉर्ड जुन्या पिशवीत परत घालू नये. जुनी पिशवी कव्हरमध्ये वेगळी जपावी आणि रेकॉर्डसाठी नवी पिशवी घ्यावी. एक सूचना इथेच देतो : कोकणातल्या पुष्कळ घरांत आजोबांच्या वेळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही असतात. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलने लाख विरघळते, म्हणून हे मिश्रण त्यांना कधीही लावू नये.

कव्हरवर घालायच्या प्लास्टिकच्या पिशव्यांबाबत माझे स्वतःचे नुकसान झाले आहे. जाड, चकचकीत, मऊ पीव्हीसीच्या पिशव्या मी मोठ्या हौसेने आणल्या होत्या. दोन उन्हाळ्यांनंतर तीन रेकॉर्डवर दुधी धुके चढलेले दिसले, आणि ते कितीही धुतले तरी गेले नाही. त्या पिशव्यांतून बाहेर पडणारा अंश उष्णतेत रेकॉर्डच्या पृष्ठभागावर बसतो आणि कायमचा सुसकारा मागे ठेवतो. पॉलिथिन किंवा पॉलिप्रोपिलीनच्या पातळ पिशव्या वापराव्यात. कपाट जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीपासून निदान वीतभर पुढे असावे आणि रेकॉर्ड त्यात उभ्या ठेवाव्यात.

दमट हवेचा एक फायदाही आहे, आणि तो तुलनेच्या वेळी ध्यानात ठेवावा लागतो. पावसाळ्यात रेकॉर्डवर स्थिर वीज फारशी साठत नाही. डिसेंबर-जानेवारीत मतलई वारा सुटला आणि हवा कोरडी झाली की हीच रेकॉर्ड पिशवीतून काढताना तडतडते आणि धूळ ओढून घेते. म्हणजे एक प्रत ऑगस्टमध्ये आणि दुसरी जानेवारीत ऐकून मत बनवले, तर ते ऋतूवरचे मत असेल. दोन्ही प्रती एकाच दिवशी, एकाच बैठकीत ऐकाव्यात.

खाऱ्या हवेचा दुसरा परिणाम धातूवर होतो. सुई ज्यात बसते त्या कार्ट्रिजच्या मागच्या चार पिना आणि अँप्लिफायरला जाणाऱ्या केबलची टोके यांच्यावर काळपट-हिरवा थर चढतो आणि एका बाजूचा आवाज हळूहळू अशक्त होत जातो. हे इतके सावकाश होते की रोज ऐकणाऱ्याला कळतही नाही. पंकच्या बाबतीत यामुळे मोठा घोटाळा होऊ शकतो. न्यूयॉर्कच्या रॅमोन्स या पंक बँडची १९७६ सालची पहिली एलपी, म्हणजे पूर्ण अल्बमची मोठी रेकॉर्ड, घ्या. तिच्या स्टिरिओ मिक्समध्ये बास गिटार एका बाजूला आणि इलेक्ट्रिक गिटार दुसऱ्या बाजूला अशी उघड विभागणी आहे. एक बाजू अशक्त असेल, तर रेकॉर्ड कोणतीही लावा, निम्मा बँड मागे सरकतो. दर पावसाळ्यानंतर केबलची टोके काढून पुसून परत घट्ट बसवावीत. शंका आली तर डाव्या-उजव्या केबलची अदलाबदल करून पाहावी. अशक्तपणा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष टर्नटेबलच्या बाजूचा, आणि जागचा हलला नाही तर अँप्लिफायरचा किंवा स्पीकरचा, हे लगेच कळते.

विजेचा प्रश्न याहून सरळ आहे. काकांनी अमेरिकेतून आणलेल्या टर्नटेबलची मोटर तिथल्या ६० हर्ट्झच्या विजेसाठी घडवलेली होती, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अशी सिंक्रोनस मोटर विजेच्या आवर्तनाप्रमाणे फिरते, म्हणून ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवले तरी तबकडी एक-षष्ठांशाने हळूच फिरत राहिली. गाणे केवळ संथ झाले नाही, तर षड्जाच्या जागी मंद्रातला शुद्ध धैवत ऐकू यावा इतके खाली उतरले. माझ्या कानांनी लहानपणी ओळखलेला पंक असा जड, सावकाश होता, आणि पुढे रीइश्यू पहिल्यांदा योग्य वेगात ऐकला तेव्हा नव्या छपाईने गाणी पळवली आहेत असा माझा प्रामाणिक समज झाला. तेव्हापासून मी आधी वेग तपासतो. त्यासाठी ५० हर्ट्झची स्ट्रोबोस्कोप चकती मिळते किंवा मोबाइलवरचे ॲप चालते. क्वार्ट्झ नियंत्रणाच्या टर्नटेबलमध्ये ही अडचण येत नाही. १९७९ सालचे टेक्निक्स एसएल-१२०० एमके २ हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आहे. वीज गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर तुलना करू नये. त्याची चौकोनी लहर मोटरला गुरगुरायला लावते आणि अँप्लिफायरमध्येही घरघर आणते.

फरक येतो कुठून

आता रेकॉर्डकडे वळू. स्टुडिओत झालेले अंतिम मिश्रण म्हणजे मास्टर टेप. ती वाजवत कटिंग इंजिनिअर लॅकर नावाच्या मऊ चकतीवर खाच कोरतो, त्या लॅकरवरून धातूचे साचे तयार होतात आणि साच्यांखाली तापलेले व्हिनाइल दाबून आपल्या हातातली प्रत निघते. या तीनही टप्प्यांवर मूळ प्रत आणि रीइश्यू एकमेकांपासून दूर जाऊ शकतात, पण कानाला सर्वांत जास्त जाणवतो तो मधला टप्पा.

खाच कोरताना इंजिनिअरला जागेचा हिशोब करावा लागतो. खालचे स्वर खाचेला रुंद नागमोडी करतात आणि जागा खातात, म्हणून १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए मानकाप्रमाणे कोरताना खालचे स्वर कमी आणि वरचे स्वर जास्त केले जातात. २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबलची घट आणि २० हजार हर्ट्झला तितकीच वाढ असते. तुमच्या अँप्लिफायरचा फोनो भाग त्याच्या नेमके उलट करून तोल परत आणतो. तरीही बाजू जितकी लांब, तितकी आवाजाची पातळी खाली आणावी लागते. रॅमोन्सच्या पहिल्या एलपीत १४ गाणी आहेत आणि ती सगळी मिळून सुमारे २९ मिनिटांची आहेत. एका बाजूला पंधरा मिनिटेसुद्धा भरत नाहीत, त्यामुळे खाचा ऐसपैस ठेवून आवाज भरपूर पातळीवर कोरता येतो. पंकची बांधणीच अशी आखूड असल्यामुळे या संगीताला व्हिनाइल चांगले मानवले. रीइश्यू काढताना कोणी हौसेने चार जादा गाणी घुसवून बाजू चोवीस मिनिटांपर्यंत ताणली, तर हा फायदा जातो : गाण्याची पातळी उतरते आणि पृष्ठभागाची खरखर तुलनेने वर येते. म्हणून रीइश्यू घेताना मी सर्वांत आधी गाण्यांची यादी मोजतो.

दुसरी अडचण भूमितीची आहे. ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीवर बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते. लेबलाजवळ तोच वेग २१ सेंटिमीटरांवर येतो. तेवढ्याच वेळाचे गाणे निम्म्याहून कमी लांबीत दाटीवाटीने बसते, आणि ‘स’, ‘श’ हे उच्चार व झांजा फाटू लागतात. त्यामुळे मूळ प्रतीवर बाजूच्या सुरुवातीला असलेले गाणे रीइश्यूवर शेवटी गेले असेल, तर त्या एका गाण्यावरून संपूर्ण छपाईला दोष देणे अन्याय होईल. ४५ फेऱ्यांची सात इंची सिंगल, म्हणजे एकदोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड, लेबलाजवळसुद्धा सेकंदाला २५ सेंटिमीटरच्या आसपास राहते. सुरुवातीच्या पंक सिंगल्सचा तो अंगावर येणारा आवाज यामुळेही आहे, आणि तेच गाणे पुढे एखाद्या संकलनाच्या एलपीत आठव्या क्रमांकावर ऐकताना काहीतरी हरवल्यासारखे वाटते, तेही यामुळेच.

मूळ प्रतीचे खरे बळ ताज्या टेपमध्ये असते. बझकॉक्स या ब्रिटिश पंक बँडची ‘स्पायरल स्क्रॅच’ ही रेकॉर्ड डिसेंबर १९७६ मध्ये मार्टिन हॅनेट यांच्या देखरेखीखाली मुद्रित झाली आणि पुढच्याच महिन्यात, म्हणजे जानेवारी १९७७ मध्ये, बँडने स्वतःच्या न्यू हॉर्मोन्स या लेबलवर, म्हणजे कंपनीच्या नावाने, तिच्या एक हजार प्रती काढल्या. टेप आणि लॅकर यांच्यामध्ये काही आठवडेच गेले. उलट आज टेप चाळीस-पन्नास वर्षांची झालेली असते. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून वापरल्या गेलेल्या अनेक टेपांचा चिकटवणारा थर हवेतले पाणी शोषून घेतो. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की पापड जसा नरम आणि चिकट होतो, तशीच ही टेप होते, आणि वाजवताना चुंबकीय थर खरवडला जातो. अशी टेप साधारण ५५ अंश सेल्सिअसला काही तास भाजून तात्पुरती कोरडी केली जाते आणि मग तिची प्रत घेतली जाते. शिवाय सगळ्या टेपा उरलेल्याही नाहीत : जून २००८ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत मास्टर टेपांचा मोठा साठा जळाला. टेप हाताशी नसली की रीइश्यू दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रतीवरून, सीडीसाठी केलेल्या फाइलवरून, आणि अनधिकृत छपाईत तर सरळ जुन्या रेकॉर्डवरून काढला जातो.

मात्र मूळ प्रतीची कमजोर बाजूही तितकीच खरी आहे. लहान लेबलांकडे पैसा नव्हता आणि मिळेल त्या कारखान्यात, मिळेल त्या मालात छपाई उरकली जाई. पुन्हा वितळवलेले व्हिनाइल वापरले की पार्श्वभूमीला वाळू सरकल्यासारखा आवाज येतो. मधले भोक किंचित बाजूला पडले की लांबवलेला सूर हेलकावे खातो. माझ्या बावीस रेकॉर्डपैकी पाच अशा आहेत की कितीही धुतल्या तरी शांत होत नाहीत. त्या पाचांपैकी तिघींचे रीइश्यू मला निःसंशय अधिक चांगले वाटतात.

रीमास्टर आणि रीमिक्स हे दोन शब्द मात्र एकाच अर्थाने वाचू नयेत, कारण त्यांतला फरक कोणत्याही छपाईच्या फरकाहून मोठा असतो. रीमास्टरमध्ये तयार मिश्रणाचा तोल आणि पातळी बदलते. रीमिक्समध्ये वेगवेगळ्या वाद्यांचे मुद्रण पुन्हा नव्याने मिसळले जाते. पंकच्या आधी येऊन पंकला रस्ता दाखवणारी स्टूजेस या अमेरिकन बँडची ‘रॉ पॉवर’ ही एलपी १९७३ मध्ये डेव्हिड बोवी यांच्या मिक्समध्ये आली. १९९७ मध्ये बँडचे गायक इगी पॉप यांनी ती स्वतः पुन्हा मिक्स केली आणि आवाज अतिशय चढा ठेवला. या दोन वेगळ्या कृती आहेत, त्यांच्यात ‘मूळ आणि रीइश्यू’ ही तुलना लागूच पडत नाही. रॅमोन्सच्या पहिल्या एलपीच्या २०१६ सालच्या चाळिसाव्या वर्षाच्या संचातही मूळ निर्माते क्रेग लिऑन यांनी केलेला मोनो मिक्स आहे. त्यात दोन बाजूंना विभागलेला बँड मधोमध एकवटतो आणि गाणे धडक दिल्यासारखे समोर येते. मला तो फार आवडतो, पण १९७६ च्या एलपीशी त्याची बरोबरी मी लावत नाही.

आणि मग लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारे यंत्र. नव्वदच्या दशकापासून सीडी एकमेकींपेक्षा मोठ्या वाजाव्यात म्हणून ध्वनीची शिखरे छाटण्याची प्रथा पडली, आणि त्याच फाइलवरून रेकॉर्डही कापल्या गेल्या. पंक मुळातच गच्च भरलेले संगीत असल्यामुळे यात काय बिघडते, असा प्रश्न विचारला जातो. बिघडतो तो स्नेअर ड्रम, म्हणजे ड्रमसेटमधला कडक ठोक्याचा ड्रम. गिटारच्या अखंड भिंतीतून काठीचा जो एक ठोका टोकासारखा बाहेर येतो, त्याचीच उंची छाटली जाते, आणि भिंत तेवढी उरते. डिजिटल टप्पा आला म्हणजे आवाज बिघडलाच असे मात्र मी मानत नाही. मोबाइल फिडेलिटी या नामांकित कंपनीच्या, टेपवरून काढल्या जातात असा समज असलेल्या अनेक रेकॉर्डमध्ये डिजिटल टप्पा असल्याचे २०२२ मध्ये उघड झाले, तोपर्यंत चोखंदळ श्रोते त्याच रेकॉर्डची वाखाणणी करत होते.

हातातली प्रत कोणती आहे

कव्हरवर १९७७ छापले आहे, एवढ्यावरून प्रत १९७७ ची ठरत नाही. लेबल आणि शेवटच्या खाचेमधली कोरी पट्टी टेबल-लॅम्पच्या तिरप्या उजेडात धरावी. तिथे क्रमांक कोरलेला किंवा ठोकलेला असतो. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत क्रमांकाच्या शेवटी असलेले ‘ए-१’, ‘बी-२’ असे अंश त्या बाजूचे कितवे कटिंग आहे हे सांगतात. दोन प्रतींवरचे हे अंश सारखे असतील, तर वर्ष वेगळे असूनही कटिंग एकच असण्याचा संभव मोठा असतो, आणि मग ऐकू येणारा फरक केवळ व्हिनाइलचा आणि झिजेचा असतो. कधी इंजिनिअरची खूणही सापडते. ‘अ पोर्की प्राइम कट’ ही अक्षरे म्हणजे जॉर्ज पेकहॅम यांची सही, आणि त्या काळातल्या अनेक ब्रिटिश रेकॉर्डवर ती आहे. रीइश्यूवर ती खूण नसेल, तर कटिंग नव्याने झाले असे साधारणपणे धरावे. मी प्रत्येक रेकॉर्डच्या या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतो.

गाण्यांची यादीही साक्ष देते. सेक्स पिस्टल्सच्या ऑक्टोबर १९७७ च्या एलपीच्या सुरुवातीच्या काही ब्रिटिश प्रतींवर अकराच गाणी होती आणि ‘सबमिशन’ हे गाणे एका बाजूच्या वेगळ्या सिंगलवर सोबत दिले होते. रॅमोन्सच्या १९७७ च्या ‘लीव्ह होम’मधले ‘कार्बोना नॉट ग्लू’ पुढच्या छपाईत वगळले गेले; त्याच्या जागी अमेरिकेत ‘शीना इज अ पंक रॉकर’ आणि ब्रिटनमध्ये ‘बेबीसिटर’ आले. क्लॅशची पहिली एलपी ब्रिटनमध्ये एप्रिल १९७७ मध्ये आणि अमेरिकेत जुलै १९७९ मध्ये निघाली, तेव्हा गाणी बदललीच, शिवाय ‘व्हाइट रायट’ या गाण्याचे मुद्रणही वेगळे घेतले गेले. या दोन प्रतींवरचे ‘व्हाइट रायट’ शेजारी ठेवून कटिंगची तुलना करणारा माणूस दोन निराळी वादने ऐकत असतो. कव्हरवर बारकोड असेल, तर ती १९७७ ची पहिली प्रत नव्हे.

प्रत्यक्ष तुलना

सुई स्वच्छ करून घ्यावी आणि तिचा भार छोट्या डिजिटल काट्यावर मोजावा. कार्ट्रिज, केबल, अँप्लिफायर, बसण्याची जागा यांत काहीही बदलू नये. नवी जाड प्रत लावताना सुईचा कोन किंचित बदलतो; टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांडीची) उंची सहज बदलता येत असेल तर बदलावी, नसेल तर त्याची फार चिंता करू नये. जाडी ही स्वतः आवाज देत नाही. १८० ग्रॅम हे वजन आहे, आवाजाचा दर्जा ठरवणारे माप नव्हे.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे : दोन्ही प्रतींची पातळी समान करणे. माणसाच्या कानाला थोडा मोठा आवाज ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. अधिक भरदार, अधिक स्पष्ट वाटतो. माझ्याकडे एका ब्रिटिश बँडची १९७७ सालची एलपी आणि तिचा बराच नंतरचा रीइश्यू आहे. पहिल्या संध्याकाळी मी रीइश्यूला निःशंक कौल दिला होता : बास ठसठशीत, गायक पुढे, सगळेच जिवंत. दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या पाठीवर, कानाच्या उंचीला, मोबाइल ठेवून ध्वनिमापक ॲपवर दोन्हींचे तेच तीस सेकंद मोजले. रीइश्यू अडीच डेसिबलने चढा होता. आवाजाचे बटण तेवढे खाली आणून, जागेवर पेन्सिलीची बारीक खूण करून पुन्हा ऐकला, तेव्हा ठसठशीत वाटलेला बास स्नेअरच्या अंगावर पसरलेला आहे हे ऐकू आले. मूळ प्रतीत प्रत्येक ठोक्यानंतर केसभर मोकळी जागा होती आणि त्या जागेत झांज विरत जाताना ऐकू येत होती. रीइश्यूमध्ये ती जागा बुजली होती. अर्ध्या डेसिबलच्या आत पातळी जुळली की पुढे जावे. मोबाइलचे ॲप खरा आकडा दाखवत नसले तरी चालते, कारण आपल्याला दोन आकड्यांमधले अंतर हवे असते.

मग घरातल्या कोणाला तरी मदतीला घ्यावे. कोणती प्रत लावली हे न सांगता त्यांनी दहा वेळा, नाणे उडवून येईल त्या क्रमाने, तेच कडवे वाजवावे. आपण टर्नटेबलकडे पाठ करून बसावे आणि कागदावर ‘पहिली’ किंवा ‘दुसरी’ एवढेच लिहावे. मूळ प्रतीची खरखर ओळख देते, म्हणून गाण्यांच्या मधल्या शांततेत सुई टेकवू नये, गाणे सुरू झाल्यावरच आवाज उघडावा. दहापैकी नऊ वेळा बरोबर आलात तर फरक खरा आहे. पाच-सहा वेळाच बरोबर आलात तर स्वस्त असेल ती प्रत खुशाल ठेवावी.

ऐकताना सगळे एकदम ऐकण्याचा प्रयत्न करू नये; एका फेरीत एकच गोष्ट धरावी. मी आधी स्नेअरच्या ठोक्याची सुरुवात ऐकतो, काठीचा आघात वेगळा येतो की गिटारमध्ये मिसळून जातो ते पाहतो. दुसऱ्या फेरीत बासचे लागोपाठचे सूर मोजतो. सुटे मोजता आले तर कटिंग चांगले, नुसता घुमारा आला तर खालच्या स्वरांत हात घातलेला आहे असे समजतो. तिसऱ्या फेरीत गायकाचे ‘स’कार, तेही बाजूच्या शेवटच्या गाण्यात. आणि सरतेशेवटी गाणे सुरू होण्याआधीचा अर्धा सेकंद, जिथे कधी कधी येणाऱ्या गाण्याचा पुसट पडसाद आधीच ऐकू येतो. मऊ लॅकरवर शेजारच्या खाचेचा दाब उमटल्याने तो येतो. १९८० च्या दशकात आलेल्या थेट तांब्यावर कोरण्याच्या पद्धतीत तो कमी असतो, म्हणून जुन्या प्रतीत तो असणे हा दोष न मानता कटिंगची खूण मानावी.

संगणकावर दोन्ही प्रती उतरवून लहरींचे चित्र पाहणारेही आहेत. पातळी जुळवायला आणि तुकडे पाठोपाठ लावायला ते फार सोयीचे पडते. पण चित्रावरून निकाल देऊ नये. छाटलेल्या फाइलवरून कापलेली रेकॉर्डही सुईतून परत येताना शिखरे असमान होऊन येते आणि चित्रात मोकळी दिसते. त्यावरून काढलेले गतिमानतेचे, म्हणजे लहान-मोठ्या आवाजातल्या अंतराचे, आकडेही तसेच फुगतात.

घ्यावे काय

लहान लेबलची ४५ फेऱ्यांची सिंगल असेल आणि स्वच्छ प्रत परवडत असेल, तर मी मूळ प्रत घेतो. मोठ्या कंपनीची एलपी असेल आणि रीइश्यूवर कटिंग कोणी केले व कोणत्या टेपवरून केले हे छापलेले असेल, तर रीइश्यू घ्यायला मी कचरत नाही. ज्या रीइश्यूवर यातले काहीच नाही आणि विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, तो घेत नाही. असा एक मी परदेशातून मागवला होता. खाचा बाहेरच्या कडेला गोळा झालेल्या, लेबलाभोवती चार बोटे रुंद कोरी पट्टी, आणि गाण्याच्या तळाशी दुसऱ्याच कुठल्यातरी रेकॉर्डची टिकटिक. ती टिकटिक धुऊन जाणारी नव्हती, कारण ती कोरलेली होती.

परदेशातून किंवा मुंबईच्या चोरबाजारातून रेकॉर्ड आणायची असेल, तर एप्रिल-मे टाळावा. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत व्हिनाइल एका दुपारीत वाकते, आणि वाकलेल्या रेकॉर्डवर कोणतीच तुलना होत नाही. मी गणपतीला घरी येणाऱ्या चाकरमान्यांकडे सोपवतो. रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, वेगळ्या पिशवीत, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, वरून प्लास्टिक आणि पिशवीत उभी, असे सांगून ठेवतो. घरी आल्यावर प्लास्टिक लगेच काढतो, म्हणजे प्रवासात आत धरलेली ओल निघून जाते, आणि एक पूर्ण दिवस गेल्यावरच रेकॉर्ड धुवायला घेतो.